मधली जागा

लीगचं पुढे काय, हे तू सकाळपासून मला तीनदा विचारलंस, जोलीन. तुझे बाबाही असेच. वेस प्रूडनने एकदा प्रश्न धरला की दुसऱ्याच्या तोंडून उत्तर काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. जुनं यंत्र गाडीत टाकून आजच अल्बर्टाला निघायचं म्हणत होतीस ना? आता महामार्ग बंद, वीज गेलेली, आणि खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ चढलेला. तेव्हा तो दिवा जवळ ओढ आणि ऐक. एवढंच सांगते, ते यंत्र न्यायचं की नाही हे माझं ऐकून झाल्यावर ठरव.

जानेवारीतला दुसरा रविवार होता. मी दुपारी अडीच वाजता थर्मासमध्ये चहा भरला, दोन लोणी लावलेले पाव घेतले आणि कामगार संघटनेच्या जुन्या हॉलकडे निघाले. दर रविवारी जाते तशीच. तिथल्या मागच्या खोलीत आपल्या लीगचं यंत्र, तो जुना संगणक, आहे. सव्वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत नाही आणि जुनं यंत्र घरी आणायला माझ्याकडे जागा नाही. त्या दिवशी शेवटचा सामना लावायचा, दिवा घालवायचा, किल्ली देऊन टाकायची, एवढंच काम होतं.

तू लहानपणापासून ऐकत आलीस, पण टेरेल बेमध्ये राहिली नाहीस, म्हणून सांगते. कागदाची गिरणी चालू होती तेव्हा रविवारी चार ते पाच हा तास गिरणीवाल्यांचा असायचा. बर्फाचं मैदान आमचं, हॉकी आमची, शिव्याही आमच्याच. माझा नवरा तोइवो कुयाला डावीकडे, एमिल रांता उजवीकडे आणि मधे मी, सात नंबर. मी गिरणीच्या ऑफिसात हजेरी लिहायचे, त्यामुळे माझ्या पायात पाय घालायची कुणाची हिंमत नव्हती. पुढे गिरणी बंद पडली, माणसं पोटामागे देशभर पांगली. मैदानाचं छप्पर एका हिवाळ्यात खाली आलं. तेव्हा एमिलने ही लीग उभी केली. सोळा माणसं, सोळा संघ. खेळाडू खोटे, संगणकाने बनवलेले. आपण फक्त कुणाला पहिल्या फळीत घ्यायचं, कुणाला बाकावर बसवायचं, ती यादी पाठवायची. मुदत रविवारी चारची. दुसरी कुठली असणार?

यादी आली की यंत्र आपोआप सगळ्यांना पोच पाठवतं. नाही आली तर प्रोग्रॅम स्वतः फळी भरतो, आणि तो भावनाबिवना जाणत नाही. म्हातारा खेळाडू दिसला की थेट बाकावर. एका संघातला खेळाडू दुसऱ्याला दिला तर तो लगेच खेळत नाही. त्याच्या नावापुढे 'वाटेत' असं येतं, आणि पोहोचायला किती सामने उरले तो आकडा. दर रविवारी आकडा एकाने उतरतो. हे लक्षात ठेव.

आणखी एक रीत होती. आमच्यातलं कुणी गेलं की पुढच्या हंगामात त्याच्या नावाचा अठरा वर्षांचा नवखा खेळाडू यादीत घालायचा. नाव घालणं म्हणायचो आम्ही. वर्षाला दोन हंगाम, दर हंगामाला खेळाडूचं वय एकाने वाढतं, आणि अडतिसाव्या वर्षी प्रोग्रॅम खेळाडूला निवृत्त करतो. म्हणजे मेलेल्या माणसाला आणखी दहा वर्षं मिळायची. कुणाला हसू येईल, येऊ दे. तोइवो गेला तेव्हा त्याचं नाव मी या हाताने घातलं. नवख्यांच्या निवडीत एमिलने त्याला आपल्या संघात उचललं, आणि दर रविवारी संध्याकाळी मी वाचू लागले... 'कुयाला, डावीकडून वर.' जोलीन, दहा वर्षं मी त्या एका ओळीवर काढली.

नाव घालायचे नियम कडक होते. तीन रविवार यादी आली नाही की कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, फोन करायचा. फोन उचलला नाही तर जवळपासच्या कुणाला तरी दार ठोठावायला पाठवायचं. मग नाव.

गेल्या ऑक्टोबरात एमिलच्या तीन याद्या आल्या नाहीत. कमिशनर मी. आणि मी फोन केला नाही.

रागात होते मी. सप्टेंबरात तुझ्या बाबांनी नव्या प्रोग्रॅमचं काढलं होतं. नवी लीग, नवी माणसं, चित्रं हलणारी. फक्त आपली जुनी फाइल त्यात चालणार नाही, सगळे खेळाडू पुसले जाणार. हयात असलेले आम्ही सहाजण. मतदान झालं, मी एकटी विरोधात. हा हंगाम संपला की जुनी लीग बंद, असं ठरलं. तेव्हा एमिलने सगळ्यांसमोर मला लिहिलं, "मर्ना, मढं किती दिवस घरात ठेवायचं?" पन्नास वर्षांचा मित्र! ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. त्याच्या याद्या आल्या नाहीत तेव्हा मनात म्हटलं, फुगून बसला असेल, बसू दे. आणि मनाच्या तळाशी, खरं सांगते, आणखी काहीतरी वाईट होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निवडीची यादी करताना मी 'एमिल रांता, वय १८' असं टाइप केलं. मेला असेल तर रीत पाळली, जिवंत असेल तर चांगली चपराक. प्रोग्रॅमने तो नवखा त्याच्याच बेवारस संघाला देऊन टाकला.

दोन आठवड्यांनी फोन आला.

"काय गं म्हातारे, मला पुरून मोकळी झालीस? निदान फुलं तरी पाठवायचीस!"

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो ड्रायडनला लेकीकडे गेला होता. तिथे त्याचं इंटरनेटशी जमलं नव्हतं.

"एक फोन केला असतास तर हात झिजला असता?" मी म्हटलं.

"तूच करायचा होतास ना. कमिशनर कोण आहे?" तो हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "मर्ना... काढ ना ते नाव."

निवड झाली की फाइलमधून नाव काढता येत नाही. जुनी प्रत परत चढवावी लागते, आणि मधले सामने पुसून पुन्हा खेळवावे लागतात. त्यातच, घरी परतल्यावर एमिलने पाठवलेल्या पहिल्या यादीच्या सामन्यात, तोइवोचा पाचशेवा गोल झाला होता. पुन्हा खेळवला असता तर तो झालाच असता असं नाही. मी एमिलला तसं सांगितलं.

"हंगाम संपला की काढते," मी म्हटलं.

"बरं... त्याचा गोल नको घालवू." तो खोकला. "मी त्या पोराला बाकावरच बसवतो. बर्फावर उतरू देत नाही. पण पाठीला गार हवा लागते गं, कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखी... ऑपरेशनमुळे असेल."

नाताळच्या आदल्या आठवड्यात एमिल झोपेतच गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. सगळं जग तेच म्हणेल. मी कुणाला काही बोलले नाही. पण मी एका खोट्या गोलासाठी खऱ्या माणसाला दारात उभं ठेवलं, हे मला माहीत आहे ना.

तर तो रविवार. हॉलमध्ये पोचले तेव्हा तळ्यावरून वारा सुटला होता. भिंतीलगतचा हीटर लावला, कोट तसाच ठेवला आणि यंत्र सुरू केलं. याद्या पाहिल्या. आम्हा पाच जणांच्या आलेल्या. उरलेल्या अकरा संघांना वाली नव्हता, त्यांच्या फळ्या प्रोग्रॅमने भरलेल्या. त्यात एमिलचा संघ आता परत बेवारस. आणि तोइवो, अडतीस वर्षांचा, शेवटच्या सामन्यात बाकावर. गेले तीन रविवार तो बाकावरच होता. प्रोग्रॅमचं काय चुकलं? त्याचे पाय राहिले नव्हते.

तेवढ्यात तुझ्या बाबांचा फोन आला.

"काय करतेस?"

"बसलेय. बघतेय माझा नवरा शेवटचा सामना बाकावरून कसा बघतो ते."

"मग घाल की त्याला पहिल्या फळीत. कोण बघायला बसलंय?"

"कमिशनर झाल्यापासून अकरा वर्षांत मी दुसऱ्याच्या यादीला हात लावलेला नाही, वेस. आज लावणार नाही."

"सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही तुझा," तो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "तुला एक सांगायचं राहून गेलंय. एमिलकडे मी तोइवोला मागितलं होतं. तीनदा. तीन चांगली पोरं देत होतो बदल्यात. गेली चार वर्षं तोइवोला पहिल्या फळीत घेऊन तो सामने हरत होता, आंधळ्यालाही दिसत होतं. मी म्हटलं, अरे, लंगडं घोडं किती दिवस पळवशील? तर म्हणाला, मर्ना रविवारी वाचते ना."

मी फोन ठेवला. निरोपही घेतला नाही त्याचा. मढं किती दिवस ठेवायचं, असं मला विचारणारा माणूस दर रविवारी स्वतः त्या मढ्याला स्केट्स बांधून उभं करत होता, माझ्यासाठी. आणि मी त्याला साधा एक फोन केला नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, जोलीन. सदुसष्टाव्या वर्षी, कोट घालून, एकटी.

मग मला वास आला.

कोबी फार शिजल्यासारखा, त्यात गंधक मिसळलेला. गिरणीचा वास. तुझ्या आईच्या कपड्यांतून तो कधी गेला नाही म्हणतात. पण गिरणी बंद होऊन सतरा वर्षं झाली, धुराडंही पाडलं. मी डोकं वर केलं. बाहेर अंधारून आलं होतं आणि वारा पडला होता. इतकी शांतता की हीटर तापताना टिकटिकतो तेवढं ऐकू येत होतं. आणि त्याच्या पलीकडून, पडक्या मैदानाच्या बाजूने, लाकडावर काहीतरी कडक आपटल्याचा आवाज. एकदा. थांबून, आणखी एकदा. तो आवाज ओळखायला मला विचार करावा लागला नाही. गरम होण्यासाठी खेळाडू चकती कठड्यावर मारतात, तो.

यंत्राने घंटी वाजवली. यादी आली होती. वेळ तीन अठ्ठावन्न.

एमिलच्या संघाची.

त्याच्याच पत्त्यावरून. मला वाटलं, लेकीने बाबाची आठवण म्हणून पाठवली असेल. उघडली.

पहिली फळी. डावीकडे, कुयाला. उजवीकडे, रांता. ज्याला तो बर्फावर उतरू देत नव्हता तोच. आणि मधे काहीच नव्हतं... नुसती एक रेघ. रेघेपुढे नंबर सात.

रिकाम्या जागेची यादी तो प्रोग्रॅम घेत नाही. इतक्या वर्षांत एकदाही घेतली नाही. लाल अक्षरांत ओरडतो आणि परत पाठवतो. मी वाट बघितली. तो ओरडला नाही. घड्याळात चार वाजले आणि मी बटण दाबायच्या आत सामना सुरू झाला.

एकेक ओळ पडद्यावर येऊ लागली. 'कुयाला, डावीकडून वर.' इतके आठवडे न वाचलेली ओळ! मी खुर्ची पुढे ओढली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी भीती नव्हती, मला आनंद झाला होता. 'कुयालाचा पास. रांता. रांताचा पास मधे —.' पुन्हा रेघ. 'मागून चाल.' मी तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले, मधे दे, मधे दे... बाहेर बर्फावर पाती खरवडल्याचा आवाज येत होता, तिघांचा नाही, दोघांचाच. मला मोजता येतो तो. दोघं वळत होते आणि मधे जागा सोडत होते.

अखेरच्या मिनिटाला गोल झाला. पत्रकात लिहून आलं: 'गोल: —, क्र. ७. साहाय्य: कुयाला, रांता.'

त्यानंतर निवृत्तांची यादी यायला हवी होती. तोइवो अडतीस पूर्ण. यादी आली, पण त्यात त्याचं नाव नव्हतं.

खिडकीच्या काचेवर बाहेरून काठी टेकवल्यासारखा आवाज आला. हलकेच. मैदानावर यायला मला उशीर झाला की एमिल माझ्या ऑफिसच्या खिडकीवर असाच काठी टेकवायचा.

"एमिल," मी म्हटलं. "चुकले रे मी... फोन करायला हवा होता."

मी वाट बघितली, मग भिंतीतून यंत्राची तार उपटली, थर्मास तिथेच सोडला आणि घरी आले. तार तेव्हापासून त्या खणात आहे. बघ हवं तर.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीला फोन केला. बाबाचा संगणक तिने नाताळातच पुसून चर्चच्या विक्रीला दिला होता. "आंटी, तुम्ही बऱ्या आहात ना?" असं तिने दोनदा विचारलं. बरी आहे म्हटलं.

पुढच्या रविवारी तीन अठ्ठावन्नला माझ्या फोनवर पोच आली. यंत्र तिकडे हॉलमध्ये, तारेशिवाय. एमिलच्या संघाची यादी मिळाली, असं. डावीकडे कुयाला, उजवीकडे रांता. मधे नंबर सात, आणि पुढे 'वाटेत'. उरलेले सामने नऊ.

त्याच्या पुढच्या रविवारी आठ.

तुझ्या बाबांना मी हे सांगितलं नाही. त्याने मतदान जिंकलंय, त्याची लीग चालू होऊ दे. मला राग उरलेला नाही. नवी माणसं येतील, त्यांना आमची नावं कशाला हवीत? पण एक मागते, जोलीन, आणि हे तू मला वचन म्हणून दे. ती रीत नव्या लीगमध्ये नेणार असशील तर पूर्ण ने. कुणी गप्प झालं तर आधी फोन कर. भांडण झालेलं असलं तरी कर. मग दार ठोठावायला माणूस पाठव. माझ्या तीन याद्या आल्या नाहीत म्हणून माझं नाव घालून मोकळी होऊ नकोस. मी दाराशी असेन, कदाचित उठायला वेळ लागेल एवढंच.

आणि यंत्र नेऊ नकोस. तारही नको. ते दोघं तिथे आहेत.

गेल्या रविवारी आकडा एक होता. आज कुठला वार आहे ते तुला माहीत आहे. चार वाजायला किती मिनिटं आहेत ते बघू नकोस, मला ठाऊक आहे. अशी पांढरी पडू नकोस गं. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटते थोडी. पण दहा वर्षं नुसतं वाचत बसण्यापेक्षा... असो.

तुला वास येतोय का? नाही? मग बरं. तू मुक्कामाला वरच्या खोलीत झोप, ब्लँकेट कपाटात आहे. फक्त वर जाताना दारामागच्या खिळ्याकडे बघ. माझ्या स्केट्स तिथे टांगल्या आहेत, तोइवो गेल्यापासून उतरवलेल्या नाहीत, नाडीवरची धूळ तशीच आहे. सकाळी तू आलीस तेव्हा फरशी कोरडी होती, तूच तिथे बूट काढलेस. आज मी दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

पात्यांना हात लाव. ओली आहेत.